एकोणचाळिसाव्या पानावरची ओळ

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असतो, मी कुठे नाही म्हणतोय? छापखान्यात अडतीस वर्षं प्रूफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, समासात खुणा करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चुका त्याच जागी पुन्हा बसलेल्या बघायच्या. हे ज्याने केलंय त्याने मला शांतपणाचे धडे द्यावेत, बाकीच्यांनी आपापली कामं बघावीत.

पण गेले दोन महिने जो राग आहे तो नेहमीचा नाही. नेहमीचा माझा राग चहाबरोबर उतरतो. हा उतरत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगून टाकतो, आणि सांगायचं म्हणजे हिच्यापासून सुरुवात करायला हवी.

ही म्हणजे माझी बायको. तार ऑफिसात एकतीस वर्षं नोकरी केली तिने. त्या काळात ज्यांच्या घरी फोन असे त्यांना तारेचा मजकूर आधी फोनवर वाचून दाखवत, कागद मागाहून पोचायचा. वाचून दाखवायचं काम हिच्या खोलीतल्या पाचजणींचं. बाळ झालं, परीक्षा पास झालो, बदली झाली, असल्या तारा कोणीही वाचायचं. माणूस गेल्याची तार आली की मात्र ती टेबलावरून सरकत सरकत हिच्यापुढे यायची. ही आधी विचारायची, घरात तुमच्याबरोबर आणखी कोणी आहे का? नसेल तर म्हणायची, शेजारच्यांना बोलवा, मी फोन धरून थांबते. थांबायची, दहा-दहा मिनिटं. ऑफिसचा नियम असा नव्हता. नियम होता, मजकूर वाचा, वेळ लिहा, फोन ठेवा. साहेबांनी तिला दोनदा लेखी समज दिली. ते दोन्ही कागद तिने घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातले, आणि पुढची कितीतरी वर्षं ते टेबल हललं नाही.

हा किस्सा मी आल्यागेल्या प्रत्येकाला हसून सांगत आलोय. किस्सा सांगणारा शहाणा असतोच असं नाही.

निवृत्त झाल्यावर आमचं छान चाललं होतं. हो, छानच म्हणतो, भांडणं धरून. सकाळी वर्तमानपत्र आधी माझ्याकडे. मी पेन्सिल घेऊन चुका काढतो, कुणी विचारलेलं नसताना. मग ते हिच्याकडे, शब्दकोड्यासाठी. कोड्यात एखादा शब्द बसेना की ही आपल्या मनाचा शब्द ठोकून बसवते, आणि आडव्या-उभ्याचं कसंही होवो, चहा प्यायला मोकळी होते. माझी सकाळ तिथेच नासते. बुधवारी दोघं वाचनालयात. तिथे ही कपाटापुढे उभी राहून कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. मी किती वर्षं डोकं आपटलं, अगं, लेखकाने चारशे पानं काय गंमत म्हणून लिहिली? तर म्हणते, शेवटी कोण मरतं ते कळलं की निवांत वाचता येतं. संध्याकाळी दोघांत पत्ते. त्यात ही लबाडी करते आणि पकडली की माझ्याच चष्म्याला नावं ठेवते. रविवारी लेकीचा फोन. नातीला ही फोनवरून गोष्ट वाचून दाखवते. नात आता दुसरीत आहे, तेच पुस्तक समोर धरून बसते आणि ओरडते, आजी, तू लांडग्याचं गाळलंस. ही म्हणते, चुकले गं बाई. मी मागून शाबासकी देतो, आजोबांवर गेलीये म्हणून.

आणि गुरुवारी प्रार्थना.

देवाच्या बाबतीत मी काठावर उभा राहणारा माणूस. ही आत उतरलेली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका भक्तिमंडळाचं प्रार्थनागृह आहे. एक लांब खोली, भिंतीला चुना, पन्नास-साठ खुर्च्या, समोर बुटकं व्यासपीठ. मंडळाच्या संस्थापकांनी लिहिलेलं खिशात मावेल एवढं एक चौसष्ट पानी पुस्तक आहे. गुरुवारी साडेपाचला एकाने ते अख्खं व्यासपीठावरून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, की झाली प्रार्थना. अकरा वर्षं ते वाचन ही करत होती. आवाज तार ऑफिसातला. मोठा नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत सरळ जाणारा.

मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर माझी प्रत आणि ओळीवर बोट. भक्तीने नव्हे. प्रूफ एकट्याने तपासायचं नसतं. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून ओळीशी ओळ मिळवायची, ही आमच्या धंद्याची रीत. गुरुवारी मला छापखान्यात बसल्यासारखं बरं वाटायचं. ही वाचतेय, मी मिळवतोय. सगळ्या संसारात आमचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या तासाला नव्हतं.

फक्त एक ओळ. एकोणचाळिसाव्या पानावरची तळातली. सुरुवातीची सात वर्षं ही ती ओळ नीट वाचायची. मग एकदा गाळली. पुढच्या गुरुवारी पुन्हा गाळली. मग दर गुरुवारी, चार वर्षं. मी घरी आल्यावर सांगितलं, तर म्हणाली, असेल. मी माझ्यापुरतं निदान केलं. पानाच्या तळाची ओळ सुटणं फार जुना रोग आहे, हात पान उलटायची घाई करतो आणि डोळा मागे राहतो. शिवाय वय. पुढे विचारलं नाही. आपल्याला कारण कळलं की आपण विचारत नाही, हा शहाण्यांचा रोग.

आता सचिव. मंडळाचे सचिव निवृत्त इंजिनिअर. शर्टाच्या बाहीची इस्त्री इतकी धारदार की शेजारी बसायला भीती वाटावी. यांनी यंदा ठरवलं की पुस्तकाची नवी आवृत्ती छापायची, आणि प्रूफं तपासायला मला बोलावलं. आता खरं सांगतो, मी हरखलो. दहा वर्षांत कोणी मला कामाला हात लावू दिला नव्हता. घरचं वर्तमानपत्र सुधारून माणूस किती दिवस जगणार? मी चष्मा पुसून, ठेवणीतला सदरा घालून गेलो. तीन दिवस त्यांच्या कचेरीत बसून चौसष्ट पानं चाळणीतून काढली. सचिव खूश. कमिटीचे आणखी दोघं होते. चहा आला. त्यांनी विचारलं, इतकं बारकाईने बघता, तर जुन्या पुस्तकात किती चुका निघाल्या? मी म्हणालो, मजकुराला हात लावायचा नाही हे आमचं पहिलं तत्त्व. लेखकाने लिहिलं ते अक्षर न अक्षर जसंच्या तसं गेलं पाहिजे.

तिथे थांबायला काय झालं होतं? पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चारचौघांना हसवायला मी पुढे म्हणालो, छापलेल्या चुका सोडा हो, आमच्या घरातलीच एक चूक मला चार वर्षं दुरुस्त करता आलेली नाही. आमची ही दर गुरुवारी एकोणचाळिसाव्या पानावरची शेवटची ओळ खाते आणि तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात येत नाही.

सगळे हसले. सचिवसुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. हसणारा माणूस लिहून घेत नसतो, एवढंही मला कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण हिच्या वाट्याला आलं.

तीन गुरुवार ते दोघं कमिटीवाले मागच्या रांगेत पुस्तक उघडून बसलेले मी पाहिले. मला वाटलं, चला, नवी प्रूफं बघून यांना वाचायची गोडी लागली. चौथ्या आठवड्यात पत्र आलं. हिच्या नावाने. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे, वयोमानानुसार वाचनात त्रुटी राहत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपणांस विश्रांती देण्याचा निर्णय घेण्यात येत आहे. निर्णय घेण्यात येत आहे! कोण घेतंय, नाव नाही, गाव नाही, निर्णय आपला आपण चालत आला.

हिने पत्र दोनदा वाचलं आणि फळीवर ठेवलं. बोलायचं काम मी केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्रुटी? अकरा वर्षं तापात वाचलं हिने, बहीण गेली त्या आठवड्यात वाचलं, गुडघा सुजलेला असताना काठी टेकत जाऊन वाचलं, आणि आता ही इस्त्रीची माणसं हिला वय शिकवणार? मी दिवसभर घरात फेऱ्या मारत बोलत होतो. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, जाऊ दे ना, आईला तेवढाच आराम. मी तिच्यावरही घसरलो. आराम? आईने कधी मागितला होता तुझ्याकडे आराम? जो उठतो तो म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काढून घेतो आणि वर त्याला आराम म्हणतो. लेक रडवेली झाली. फोन हिने माझ्या हातातून घेतला आणि बाल्कनीत जाऊन बोलत बसली.

आणि एवढा सगळा आरडाओरडा करताना मला आतून माहीत होतं की ही आग लावली कोणी. माहीत होतं म्हणूनच आवाज मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सचिवांकडे गेलो. टेबलावर हात आपटला. म्हटलं, एका ओळीसाठी? ते अगदी शांत होते. माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, तुम्हीच सांगितलंत ना, अक्षर न अक्षर जसंच्या तसं गेलं पाहिजे? मी त्यांना काय सांगणार होतो, की ते तत्त्व छापखान्यापुरतं आहे? वर म्हणाले, ताई ती ओळ वाचायला तयार असतील तर त्यांनाच ठेवू, आमचं काही वैर नाही. मी मोठ्या खुशीत घरी आलो. म्हटलं, मिटलं.

ही ओट्यापाशी मटार सोलत उभी होती. मी सांगितलं, फक्त ती एक ओळ वाच, काम झालं. तिने मटारांकडेच बघत विचारलं, "त्यांना कसं कळलं?"

मी म्हणालो, आले होते पुस्तक घेऊन, बसले मागे.

"ते पुस्तक घेऊन का आले?"

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. तार ऑफिसातली बाई आहे, कुठला मजकूर अर्धा आलाय ते तिला ऐकूनच कळतं. मी सांगितलं. चहा, चारचौघं, हशा, सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग सोलून पुरी केली, साल एकीकडे, दाणे एकीकडे. मग खुर्ची ओढून बसली आणि तिने मला टेलरबाईंचं सांगितलं.

टेलरबाई म्हणजे पोस्टाच्या शेजारी ज्यांचं शिवणाचं दुकान आहे त्या. पस्तीस-छत्तीसच्या असतील. माझ्या सदऱ्यांच्या कॉलरी त्याच उलटून देतात. त्यांची सहा वर्षांची मुलगी रस्ता ओलांडताना गेली, हे मला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती मुलगी आईचा हात धरून चालली होती आणि मध्येच हात सुटला, हे मला माहीत नव्हतं. टेलरबाईंच्या सासूबाई आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद. पुस्तक तोंडपाठ. नात गेल्यापासून ती बाई सुनेला रोज सकाळी एकोणचाळिसाव्या पानावरची शेवटची ओळ ऐकवायची, आणि मंडळातल्या बायकांना तसं सांगायचीही. ओळ अशी आहे, "देव दिलेले कधी परत नेत नाही, हात सोडतो तो माणूसच."

संस्थापकांनी ते कशाबद्दल लिहिलं ते मला माहीत आहे. श्रद्धेबद्दल लिहिलंय, आधीचा सगळा परिच्छेद त्यावर आहे. पण सासूबाई परिच्छेद वाचत नव्हत्या.

सासूबाई वारल्यावर टेलरबाई पहिल्यांदा प्रार्थनेला आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पदर मुठीत धरून. ही व्यासपीठावरून वाचत होती. पान एकोणचाळीस आलं आणि हिला समोर ती बाई दिसली. मान खाली, खांदे वर, आता फटका बसणार म्हणून थांबलेली. त्यांना सगळं पाठ होतं, पुढे काय येणार ते ठाऊक होतं, आणि तरी आल्या होत्या. हिने पान उलटलं. टेलरबाईंनी मान वर केली, आणि त्यानंतर त्यांनी एक गुरुवार चुकवला नाही. या गोष्टीवर दोघी एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत.

"ऐकणारा कोण आहे ते बघून वाचायचं असतं," ही म्हणाली. "तुम्हाला वाटलं, माझा डोळा चुकला."

मी म्हणालो, मग हे सचिवांना सांगू. माणूसच आहेत, समजतील. तेव्हा मात्र ती चिडली. मी एवढा ओरडणारा माणूस, पण ही चिडते तेव्हा मी भिंतीला टेकतो. म्हणाली, तिच्या दुःखाचा अर्ज करून कमिटीपुढे ठेवायचा? त्यावर चर्चा करायची, चहा पीत? तुम्ही एकदा चहा प्यायलात तेवढा पुरे. खबरदार तिथे काही बोललात तर.

पुढे तीन दिवस घरात पत्ते निघाले नाहीत, आणि बुधवारी ती वाचनालयात आली नाही.

शनिवारी सचिवांचा फोन. ताई तयार नसतील तर गुरुवारचं वाचन तुम्ही कराल का? तुमच्यासारखा अचूक वाचणारा मंडळात दुसरा नाही. मला आधी वाटलं, फोन आपटावा. मग डोक्यात आलं, मी हो म्हणावं. मी वाचेन, आणि तळातली ओळ गाळेन. मांडीवर पुस्तक ठेवून मला कोण तपासणार? प्रूफरीडरच्या मागे कोणी प्रूफ घेऊन बसत नाही. टेलरबाईंचा गुरुवार सुखरूप राहील आणि महिन्या-दोन महिन्यांत ही जागा मी हिला परत करीन. केलेलं निस्तरायचा याहून सरळ रस्ता मला दिसेना.

हिला सांगितलं. "तुम्हाला जमणार नाही," म्हणाली.

मला असला राग आला. काय जमणार नाही? एक ओळ न वाचणं जमणार नाही? काही करायचं असतं तर गोष्ट वेगळी, इथे तर न करायचं आहे. सोमवारपासून मी बेडरूमचं दार लावून तालीम सुरू केली. अडतिसावं पान, एकोणचाळिसावं पान, तळाच्या आधीची ओळ, पान उलट. दहादा केलं, दहाही वेळा बरोबर. ही बाहेरून ऐकत होती की नाही, माहीत नाही.

गुरुवारी खोली भरली होती. नवा वाचक म्हणून लोक जरा जास्तच आले होते. सचिव पहिल्या रांगेत, मांडीवर नव्या आवृत्तीची कोरी प्रत. ही मागे, टेलरबाईंच्या शेजारी बसली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा खाली बसलेली. मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि वाचायला लागलो. माझा आवाज बरा लागला. दहा-बारा पानांनंतर तर मला मजा यायला लागली. समोर सगळ्या माना हलत होत्या. माणसाला म्हातारपणी अशी शांतता मिळाली की त्याचं डोकं हलकं होतं. स्वल्पविरामाला मी अर्धा श्वास घेत होतो, पूर्णविरामाला पुरा. छापखान्यातले जुने हेडरीडर असते तर खुर्चीवरून उठले असते.

एकोणचाळिसावं पान आलं ते मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. तळाच्या आधीची ओळ वाचली, पानाच्या कोपऱ्यावर बोट गेलं. आणि डोळ्याने खाली एक ओळ शिल्लक पाहिली.

अडतीस वर्षं. रोज आठ तास. ओळ सुटली की पगार कापायचे, ओळ सुटली की मालक सगळ्यांसमोर उभं करायचे, ओळ सुटली की मला स्वतःला झोप लागायची नाही. माझं तोंड माझ्या परवानगीसाठी थांबलंच नाही. "देव दिलेले कधी परत नेत नाही, हात सोडतो तो माणूसच." स्वल्पविरामासकट वाचलं. अगदी खणखणीत.

टेलरबाई उठल्या. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा त्यांनी होऊ दिला नाही. चप्पल हातात घेऊन दाराबाहेर गेल्या. त्यांच्या मागोमाग ही गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बघून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी? मी थांबलो? पुस्तक मिटलं? नाही. मी पान उलटलं आणि चाळिसाव्यापासून चौसष्टाव्यापर्यंत वाचत गेलो, कारण मजकूर मध्येच सोडायचा नसतो. माझी मलाच शिसारी येते हे सांगताना. शेवटी दहा मिनिटं गप्प बसायचं असतं. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. मग सचिव व्यासपीठावर आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाले, "चौसष्ट पानांत एकही चूक नाही. याला म्हणतात वाचन."

मी हात सोडवून घेतला. पुन्हा मला बोलावू नका, एवढंच म्हणालो, आणि त्यांचं तोंड बघायला थांबलो नाही.

पोस्टापर्यंतचा रस्ता मी माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या वेगाने गेलो. सचिवांवर संताप, त्या हसणाऱ्या दोघांवर संताप, मेलेल्या सासूवर संताप, ज्याने ती ओळ पानाच्या तळाला बसवली त्या कंपोझिटरवरसुद्धा संताप. दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. वाकून पाहिलं तर आत ही शिवणयंत्राच्या स्टुलावर बसलेली होती आणि टेलरबाई उभ्या राहून कुठलातरी कुर्ता इस्त्री करत होत्या. पुन्हा पुन्हा त्याच बाहीवरून. मला बघून त्यांनी इस्त्री बाजूला केली आणि त्या शटरपाशी आल्या. बोलायला मी खूप काही जमवून आणलं होतं. मुद्दाम नाही वाचलं, सवय आहे, गाळायचंच ठरवलं होतं, दहा वेळा तालीम केली होती. त्यातलं निम्मं बोललो असेन.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावलेल्या मुळीच दिसल्या नाहीत, वडीलधाऱ्याशी बोलावं तसंच बोलल्या.

"तुम्ही चांगलं वाचलंत, काका," म्हणाल्या. "आमच्या सासूबाईपण असंच वाचायच्या. एक अक्षर न चुकता."

जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरात चुका काढल्या मी. या वाक्यात मला एकही सापडली नाही.

ही परत प्रार्थनागृहात गेली नाही. सचिवांनी आता कुणा मास्तरांना धरलंय म्हणे. गुरुवारी साडेपाचला ही टेलरबाईंच्या दुकानात तेच पुस्तक वाचते. पहिल्या आठवड्यात दोघीच होत्या, आता सातजणी येतात, कापडांचे गठ्ठे बाजूला सारून बसतात. हिला तिथवर सोडायला मी जातो. वाटेत आम्ही बोलतो, नातीचं, भाजीचं, वर्तमानपत्राचं. घरात पत्तेही पुन्हा निघालेत. पण दुकानाशी पोचलं की ही आत जाते आणि मी बाहेर राहतो. आत येऊ नका असं कोणी म्हटलेलं नाही आणि या असंही कोणी म्हटलेलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर फेऱ्या मारतो. राग आहे तो आहेच, पण हल्ली ओरडायला कोणी समोर सापडत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांमुळे हिचा शब्द कळत नाही, नुसता आवाज येतो, त्यामुळे कुठलं पान चाललंय ते मला सांगता येणार नाही. टेलरबाई दाराजवळ बसतात. वाचन संपेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत, एवढं पलीकडून दिसतं.